‘कडक’ बीअर की ‘कडू’ बीअर? चव लिहिताना कोणता शब्द कुठे?

रामबाग

इंदुरात आम्ही काही मित्रमंडळी निरनिराळ्या बीअर चाखून त्यांची नोंद ठेवतो. वही मराठीत. गुण पन्नासपैकी, आणि विभागणी स्पर्धांचे परीक्षक वापरतात तीच: गंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडाला लागणाऱ्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10. आकड्यांवरून वाद होत नाहीत, शब्दांवरून होतात. त्यातही सगळ्यात जास्त ‘कडक’वरून. एकाच ग्लासातली बीअर, एकानं लिहिलं ‘कडक’, दुसऱ्यानं ‘कडक अजिबात नाही’, आणि गुण दोघांचे जवळपास सारखे! खोदून विचारलं तेव्हा कळलं की एकाच्या मनात मद्याचं प्रमाण होतं, दुसऱ्याच्या मनात कडूपणा. तिसऱ्याला तर घशाशी होणारी चुरचुर म्हणायची होती.

कडक, कडू, कडवट, कडसर, तुरट हे शब्द तुमच्या घरात कसे वापरतात ते सांगा. कोश माझ्याकडे आहेत, मला बोलण्यातला वापर हवा आहे.

छत्रीबाग

‘कडक’ हे चवीचं नावच नाही. कडक ऊन, कडक इस्त्री, कडक भाकरी, कडक शिस्त: कुठे तीव्रता आहे, कुठे ताठपणा. ‘कडक चहा’ म्हणतो तेव्हाही पावडर जास्त आणि उकळी जास्त एवढंच सांगतो, तो कडू आहे असं म्हणत नाही. दुकानात ‘कडकवाली द्या’ म्हटलं की स्ट्राँगची बाटली मिळते, आणि तो अर्थ पक्का आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही 5 टक्क्यांपर्यंत मद्य असलेली साधी आणि त्यावर 8 टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग, अशी विभागणी आहे. म्हणून माझं मत: ‘कडक’ हा शब्द मद्याच्या प्रमाणासाठी राखून ठेवा आणि चवीच्या रकान्यात त्याला येऊ देऊ नका.

कारण कडक आणि कडू यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्ट्राँग बीअर गोडसर असतात, कडूपणा नावापुरता. उलट इंग्लंडमध्ये ‘बिटर’ नावाचाच प्रकार आहे. त्यातल्या साध्या बिटरमध्ये मद्य 3.2 ते 3.8 टक्के, म्हणजे आपल्या साध्या लागरहूनही (आपल्याकडची नेहमीची फिक्या रंगाची बीअर) कमी, पण कडूपणा 25 ते 35 आयबीयू. आयबीयू म्हणजे बीअरचा कडूपणा मोजायचं एकक. जर्मन गव्हाच्या बीअरमध्ये तो 8 ते 15च असतो, मद्य मात्र पाच टक्क्यांच्या आसपास. त्या वहीवाल्या दोघांना या दोन बीअर शेजारी ठेवून द्या, वाद तिथेच मिटेल.

आता कडूची भावंडं. कडू म्हणजे कारलं, मेथीदाणा: स्पष्ट, सरळ. ‘कडसर’मध्ये मात्रा कमी आहे आणि ती चालते, हवीशीही वाटते. ‘कडवट’ आमच्या घरात नेहमी तक्रारीच्या सुरात येतो. काकडी कडवट निघाली, फोडणी जळून कडवट झाली, तापानं तोंड कडवट झालं. बीअरमधला कडूपणा हॉप्स या वेलीच्या फुलांतून येतो. त्यांतली आम्लं उकळताना रूप पालटतात आणि मग कडू लागतात. म्हणजे तो मुद्दाम आणलेला कडूपणा आहे. त्याला ‘कडवट’ म्हणणं अन्याय आहे. चांगल्या पिल्सनरला, म्हणजे लागरच्याच एका प्रकाराला, कडसर म्हणावं, भरपूर हॉप्सच्या इंडिया पेल एलला बिनदिक्कत कडू.

तुरटाचं प्रकरण वेगळंच. आवळा, कच्चं केळं, सुपारी आठवून पाहा. जीभ आखडते, गाल आत ओढल्यासारखे होतात, लाळेचा ओलावा गेल्यासारखा वाटतो. धान्याच्या टरफलातली आणि हॉप्समधली टॅनिनसारखी द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, त्यामुळे हे होतं. आयुर्वेदाच्या सहा रसांत कषाय म्हणजे तुरट आहे हे खरं, पण तुमच्या विभागणीत तुरटपणा चवीच्या 20मध्ये न धरता स्पर्शाच्या 5मध्ये धरायला हवा.

महूकर

तुरटाचं पटलं. कडवटाचं नाही. ‘कडवे वाल’ आपण मुद्दाम मागून घेतो ना? त्यांची उसळ करताना तो कडवेपणा जाऊ नये म्हणूनच धडपड असते. आमच्या आजी मेथीच्या भाजीलाही कौतुकानं ‘कडवट’च म्हणायच्या. तेव्हा तक्रार शब्दात नाही, म्हणणाऱ्याच्या सुरात आहे, आणि वहीत सूर लिहिता येत नाही.

छत्रीबाग

‘कडवा’ आणि ‘कडवट’ मी वेगळे धरते, दादा. वाल कडवा हा त्याचा स्वभाव. काकडीचा स्वभाव गोड, म्हणून ती ‘कडवट निघाली’. आजींच्या मेथीपुरता तुमचा मुद्दा खरा आहे. पण वहीसाठी काही तरी एक ठरवावंच लागेल, आणि दोष दाखवायला ‘कडवट’ इतका नेमका दुसरा शब्द मला सापडत नाही.

सध्या पुण्यात

मूळची इंदूरच्या स्नेहलतागंजची, म्हणून लिहायचा मोह झाला. इथे माझा सगळ्यात जास्त गोंधळ ‘फिका’वरून होतो. इंदुरात आपण बिनसाखरेच्या चहाला सर्रास ‘फिका चहा’ म्हणतो, हिंदीचा शेजार. पुण्यात फिका म्हणजे रंगानं फिका, नाहीतर कमी पावडरीचा. बीअरच्या वहीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात! रंगानं फिकी बीअर चवीला चांगली गोड असू शकते. तेव्हा ‘फिकी’ फक्त रूपाच्या रकान्यात लिहा. चवीत काहीच दम नसेल तर ‘सपक’ किंवा ‘मिळमिळीत’ आहेत. आणि ‘पाणचट’ स्पर्शाकडे जाईल: दाटपणा हवा होता, तो नाही.

गोडाबद्दलही एक. मोड आणून भाजलेल्या जवाची म्हणजे माल्टची जी गोडी असते तिला ‘अंगची गोडी’ म्हणावं असं मला फार वाटतं. गाजराच्या हलव्यात गाजराची अंगची गोडी आणि वरून घातलेली साखर या दोन गोष्टी आपण जिभेवर वेगळ्या ओळखतो. बीअरमध्येही त्या वेगळ्या ओळखू येतात.

महूकर

‘जव’ लिहिलंत ते बरं केलंत. पुस्तकी मराठीत बार्लीला सातू म्हणतात, पण आपल्याकडे सातू म्हटलं की हिंदीतला सत्तू डोळ्यापुढे येतो, आणि महाराष्ट्रातलं ‘सातूचं पीठ’ तर पुष्कळदा गहू-डाळव्याचं असतं. वहीत जवच ठेवा.

रामबाग

केवढं मिळालं! ‘अंगची गोडी’ आजच वहीत जाणार.

आता दोषांकडे वळू, कारण मला त्यातच मराठीचं खरं बळ दिसतं. आपल्याकडे प्रत्येक पदार्थाच्या बिघडण्याला वेगळं क्रियापद आहे. दूध नासतं, भात आंबतो, भाजी उतरते, तेल खवट होतं, कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकतं, लोणचं बुरसतं. बीअरचे दोषही असेच वेगवेगळ्या कारणांचे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. भांड्यातून किंवा पाण्यातून धातूची चव आली तर ‘कळकलेली’ याहून नेमका शब्द कुठला? जुनी झालेली बीअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, तिला आम्ही ‘कुबट’ लिहितो. काही लागरमध्ये उकडलेल्या कणसाचा वास येतो, डायमिथिल सल्फाइडचा. भुट्ट्याच्या किसावर वाढलेल्या इंदूरकराला तो लगेच ओळखू येतो, पण दोष म्हणून मान्य करायला जड जातं.

अडतो ते उन्हापाशी. बाटलीला प्रकाश लागला की हॉप्समधली कडू द्रव्यं मोडतात आणि गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. इंग्रजीत या वासाला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचं नाव आहे. तो प्राणी आपल्याकडे नाही, तेव्हा त्याचं नाव घेऊन वाचणाऱ्याला काय कळणार? ‘उतरलेली’ लिहावं तर नशा उतरते तेही तेच क्रियापद.

छत्रीबाग

‘ऊन लागलेली’. माणसाला लागतं तसं. कारणही शब्दातच आलं.

महूकर

उत्तम. आणि गॅस गेलेल्या बीअरला ‘बसलेली’ म्हणा, फेस बसतो तसा. फेसाला कृपा करून फेसच म्हणा, झाग नको. बीअर खाली गेल्यावर ग्लासच्या काचेवर जे उरतं, त्याला ‘फेसाची जाळी’.

सध्या पुण्यात

गव्हाच्या बीअरला कुणी ‘गढूळ’ लिहीत असेल तर थांबवा. गढूळ म्हणजे जे निवळायला हवं होतं आणि निवळलं नाही ते. या बीअरमध्ये यीस्ट आणि प्रथिनं तरंगत राहतात, ती तशीच हवी असते. ‘धूसर’ लिहा. तिच्यात यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि लवंगेला तर आपल्याला शब्द शोधावाच लागत नाही.

एक विचारायचं राहिलं: चाखताना समोर काय ठेवता? चखणा म्हणून लवंगी शेव असेल तर कडूपणाचे गुण रद्द समजा. मीठ कडूपणा दाबतं, तिखट बाकी सगळंच झाकतं. ‘चखणा’ हा शब्द हिंदीतल्या चाखण्यावरूनच आला आहे, पण खऱ्या चाखण्याच्या वेळी तो दूर हवा. साधा पाव आणि पाणी पुरे.

रामबाग

शेव नंतर, गुण लिहून झाल्यावर. हा नियम आम्ही पाळतो.

तुमचे शब्द घेऊन एक नोंद पुन्हा लिहिली, शहरातल्याच एका छोट्या ब्रुअरीतल्या स्टाउट या काळ्या बीअरची. आधी फक्त ‘कडक, काळी, चांगली’ एवढंच लिहिलेलं होतं. आता: ‘रंग काळा, कडेला तांबूस झाक. फेस बदामी, जाळी शेवटपर्यंत. वास भाजलेल्या जवाचा, खरपूस, थोडी कॉफी. फार थंड आली होती, ग्लासचा गारवा जरा कमी झाल्यावर वास उघडला. चवीला आधी अंगची गोडी, मग कडू. कडूपणा भाजण्याचा जास्त, हॉप्सचा कमी. शेवटी किंचित करपट, तिथे दोन गुण कापले. दाट, पण चिकट नाही. तुरटपणा जिभेच्या कडांना, सुसह्य. कडक नाही.’

एक शब्द मात्र अजून हवाच आहे. यीस्टनं सगळी साखर खाऊन टाकली की बीअर जी होते, तिला इंग्रजीत ड्राय म्हणतात. ‘कोरडी’ मला पटत नाही. पेय कोरडं कसं असेल? ‘बिनगोड’ म्हटलं तर काही तरी उणं आहे असं वाटतं, आणि ‘फिकी’ तर आता रूपाच्या रकान्यात गेली.

छत्रीबाग

‘निखळ’ चालेल का? गोडी उरली नाही, मागे काही चिकटून राहिलं नाही, एवढं त्यात येतं.

महूकर

निखळ म्हणजे भेसळ नसलेलं. गोड बीअरही निखळ असू शकते. मी ‘कोरडी’च्या बाजूचा आहे: घोट गेल्यावर तोंड कोरडं राहतं, आणि शब्द तेवढंच सांगतो. भाकरीही कोरडीच म्हणतो आपण, तिला पाणी नाही म्हणून नाही, सोबत काही नाही म्हणून.

रामबाग

भाकरीचा दाखला विचारात पाडणारा आहे. तूर्त वहीत ‘कोरडी’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवतो. कुणाच्या घरात, विशेषतः देवास-धारकडे, ताकाला किंवा सरबताला गोडी नसेल तर वेगळा शब्द वापरत असतील, तर जरूर कळवा.