प्रतिसाद: रोज पाणी घालूनही पिटुनिया मान टाकतोय
या प्रश्नावर दोघातिघांनी लिहिलंय की टांगत्या कुंडीतला पिटुनिया (फुलझाड) दुपारी मान टाकत असेल तर पाणी वाढवा, सकाळ-संध्याकाळ द्या. कुंडी वाऱ्यावर असते, लवकर सुकते हे बरोबरच, पण नुसतं पाणी वाढवून दरवेळी भागत नाही. कोकोपीट, म्हणजे कुंडीत भरलेला नारळाच्या काथ्याचा भुगा, एकदा का कोरडंठाक झालं की पाणी पटकन धरत नाही, आकसून कडेपासून सुटतं आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. आपल्याला वाटतं गळलं म्हणजे पोटभर मिळालं. माझ्या पुण्यातल्या पश्चिमेच्या गॅलरीत गेल्या फेब्रुवारीत हेच झालं, आठवडाभर रोज तांब्याभर पाणी घालत होते, खाली फरशी ओली आणि बोट खुपसलं तर दोन पेरांवर भुगा कोरडा. मग कुंडी उतरवून बादलीत बुडवली, भराभर बुडबुडे यायला लागले, ते थांबेपर्यंत साधारण 20 मिनिटं ठेवली, निथळून परत टांगली, संध्याकाळपर्यंत पानं ताठ! तेव्हापासून रोज कुंडी तळहाताने खालून जरा उचलून बघते, हलकी लागली की पाणी.

आणि कुंडीला काथ्याचं अस्तर असेल तर ओल टिकावी म्हणून आतून दुधाच्या पिशव्या कापून लावा, तळाला चार भोकं मात्र पाडा, नाहीतर मुळं कुजतील. मार्च संपला की पिटुनियाला ओढत बसू नका, त्याच कुंडीत चिनी गुलाबाच्या बोटभर काड्या खोचा, त्याला ऊनच हवं असतं.