मदत हवी आहे: केबलचे रजिस्ट्रेशन अडकले आहे, चवथीआधी सुरू करायचे आहे

डोंगरपायथा
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या भागातला केबलवाला धंदा बंद करून गेला. आमचे वाडे डोंगराच्या कुशीत, डिश लावली तर माडांच्या आड येते आणि पावसात तर विचारूच नका. लोक माझ्या मागे लागलेत, तू सुरू कर म्हणून. सामान आले आहे, वायरमन आहे. रजिस्ट्रेशनला पोस्टात गेलो तर काउंटरवरून सांगितले, हे आता आमच्याकडे नाही. ऑनलाईन भरायला बसलो तर फॉर्म पुढे सरकत नाही. पणजीत याचे ऑफिस कुठे आहे? कोणाला भेटायचे? चवथीला घराघरांत टीव्ही लागला पाहिजे. ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनीच सांगा. "केबलचा जमाना गेला" हे ऐकून झाले आहे.

नेटवाला
केबलचा जमाना गेला.
रागावू नका, पण वायर टाकायचीच तर फायबर टाका आणि इंटरनेट द्या. टीव्ही लोक त्यावरच बघतील. एखाद्या मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घ्या, लायसनची कटकट त्यांच्या डोक्यावर.

कायदेकानू
धागाकर्ते, माहिती फार तुटपुंजी दिलीत. स्थानिक ऑपरेटर व्हायचे आहे की एमएसओ, म्हणजे ऑपरेटरांना सिग्नल पुरवणारा? सिग्नल कोणाकडून घेणार? अर्ज कोणाच्या नावाने भरताय, स्वतःच्या की फर्मच्या? "पुढे सरकत नाही" म्हणजे कोणत्या पानावर?
एवढे मात्र आत्ताच सांगतो. पोस्टातल्या माणसाने बरोबर सांगितले. १७ जानेवारी २०२५ ला केबल नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून स्थानिक ऑपरेटरची नोंदणी थेट माहिती व प्रसारण मंत्रालय करते. ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज, शुल्क ५,००० रुपये, मुदत ५ वर्षे. आधार, पॅन वगैरे पडताळणी झाली की प्रमाणपत्र तिथेच मिळते. पणजीत कोणालाही भेटायचे नाही.

जुना केबलवाला
आमच्या वेळी हेड पोस्ट ऑफिसात फॉर्म आणि पाचशे रुपये भरायचे, बारा महिन्यांचा कागद मिळायचा. दरवर्षी तेच. पोस्टमास्तर ओळखीचा असला की चहाही मिळायचा.
बाबा रे, पण रजिस्ट्रेशनच्या आधी एक विचारतो. तो एरिया कोणाचा? जो बंद करून गेला त्याने दुसऱ्या कोणाला विकला आहे का? एरिया विकत न घेता वायर टाकलीस तर रात्री कोण कापून जाईल कळणार नाही.

कायदेकानू
एरिया ही कायद्यात गोष्टच नाही. नोंदणी म्हणजे मक्तेदारी नव्हे. एकाच वाड्यावर दोन नोंदणीकृत ऑपरेटर असू शकतात.

जुना केबलवाला
कायद्यात नाही, खांबावर आहे. तुम्ही कधी खांबावर चढलात?

डोंगरपायथा
एरियाचा प्रश्न नाही, तो माणूस मुलाकडे पुण्याला गेला. परत येणार नाही.
कायदेकानू, मी साधा केबल ऑपरेटर होणार. सिग्नल डिशवरूनच घेणार. सुरुवातीला फ्री डिशचे चॅनेल, मग हळूहळू पे चॅनेल वाढवायचे. हेडएंडचे, म्हणजे डिशवरून चॅनेल घेऊन वायरवर सोडायचे सामान म्हापशाच्या बाजूला एकाने विकायला काढले होते, ते स्वस्तात घेतले. आता फॉर्म का अडतो ते सांगा ना.

कायदेकानू
थांबा. इथेच घोळ आहे. स्वतःची डिश, स्वतःचे हेडएंड लावून चॅनेल वाटणारा म्हणजे एमएसओ. साधा केबल ऑपरेटर एमएसओकडून तयार सिग्नल घेतो आणि घरापर्यंत नेतो. दोन्ही नोंदण्या वेगळ्या. एमएसओला शुल्क १ लाख रुपये, मुदत १० वर्षे, आणि छाननीही वेगळी.
आणि "फ्री डिशचेच तर आहेत" हा बचाव चालत नाही. १९९५ च्या केबल कायद्यात कलम ४अ आहे. चॅनेल फुकट असो वा पैशाचा, केबलवर द्यायचा तर एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करून, ॲड्रेसेबल यंत्रणेतूनच. म्हणजे प्रत्येक घरात सेट टॉप बॉक्स आणि मागे ग्राहकांची नोंद ठेवणारी यंत्रणा. केबल डिजिटल करण्याच्या चौथ्या टप्प्यात खेडी आली, ३१ मार्च २०१७ पासून जुनी ॲनालॉग केबल तिथेही बंद झाली. तुम्ही घेतलेले सामान त्या काळातले तर नाही ना?

डोंगरपायथा
मॉड्युलेटर, ॲम्प्लिफायर, कंबायनर असे आहे. चालू स्थितीत आहे, बघून घेतले.

जुना केबलवाला
अरेरे. भंगारात घाल. ॲम्प्लिफायर तेवढे ठेव, लांब वाड्यावर सिग्नल मरतो तिथे उपयोगी पडतील. ते सुद्धा तुझा एमएसओ कोणती सिस्टिम वापरतो ते बघून.

फोंड्याची माय
इथे टीव्हीचे जाणकार दिसतात म्हणून विचारते. आमच्या डीटीएचवर महिनाभर मराठीतले दोन चॅनेल दिसत नाहीत, "सबस्क्राइब करा" येते. पैसे तर पूर्ण कापतात. कोणाला सांगायचे? हे गणपतीपुळ्याला गेलेत, घरी मी एकटीच.

हिशेबनीस
धागाकर्त्यांना जीएसटीबद्दल कोणीच सांगितले नाही. केबल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. सेवेची वार्षिक उलाढाल गोव्यात २० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. पण अनेक एमएसओ आपल्या ऑपरेटरला जीएसटी नंबर सुरुवातीपासूनच मागतात. बिल कोण फाडणार, तुम्ही की एमएसओ, हे आधी ठरवा. नाहीतर वर्षअखेर सगळा गोंधळ माझ्यासारख्याच्या टेबलावर येतो.

डोंगरपायथा
मी जीएसटी विचारला नव्हता. बरे, हेडएंडचे सोडा. साखळीच्या बाजूला एका एमएसओची फायबर आली आहे, त्याच्याकडून सिग्नल घेतो. म्हणजे मी साधा ऑपरेटर, बरोबर? मग फॉर्म का अडतो?

तिसरी घंटा
आधार आणि पॅनवर नाव एकच आहे का? आपल्याकडे आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग म्हणजे एकाच घरात तीन भावांची तीन. माझे पासपोर्टला असेच अडले होते. पॅन दुरुस्त करून घ्या, सुटेल.

डोंगरपायथा
तपासले. माझे दोन्हीकडे सारखेच आहे. अडचण दुसऱ्या पार्टनरच्या माहितीवर येते.

कायदेकानू
दुसरा पार्टनर? हे पहिल्यांदा ऐकतोय. फर्मच्या नावाने अर्ज आहे का? पार्टनर कोण, कुठे असतो?

डोंगरपायथा
शाळेतला मित्र. त्यात काय सांगण्यासारखे? भांडवल त्याचे, काम माझे. तो बार्देशचा, सध्या इंग्लंडात आहे. आधार कार्ड आहे त्याचे, जुने.

तिसरी घंटा
पासपोर्ट कुठला?

डोंगरपायथा
पोर्तुगीज. तिकडे गेलेल्या बऱ्याच जणांचा असतो. त्याचा केबलशी काय संबंध?

कायदेकानू
संबंध सगळा तिथेच आहे. केबल कायद्यात ऑपरेटर कोण होऊ शकतो याची व्याख्या दिली आहे. व्यक्ती असेल तर ती भारताची नागरिक हवी. व्यक्तींचा गट किंवा भागीदारी असेल तर सगळे सदस्य भारताचे नागरिक हवेत. तुमच्या मित्राने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले तेव्हाच भारतीय नागरिकत्व संपले. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. भागीदारीच्या नावाने अर्ज करूच नका. समजा तांत्रिक कारणाने पुढे सरकलाही, तरी नंतर नोंदणीवर प्रश्न येणार.
उपाय साधा आहे. एकट्याच्या नावाने अर्ज करा.

हिशेबनीस
आणि मित्राचे पैसे कर्जाऊ दाखवून घेईन असे मनात आणू नका. तो आता परदेशी नागरिक, तिथे फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा आडवा येतो. आधी सीएला विचारा, मग पैसे हलवा.

मांडवीकाठ
हेच तर! पासपोर्ट तिकडचा, धंदा इकडचा. ज्यांना जायचे त्यांनी जावे, मग गोव्यात भागीदारी कशाला?

तिसरी घंटा
तुमच्या घरातला कोणी आखातात नाही का? पोटासाठी माणूस जातो. आजोबा १९६१ पूर्वी जन्मले म्हणून नातवाला वाट मिळाली, त्याने धरली.

मांडवीकाठ
आखातात गेला तरी पासपोर्ट भारताचाच राहतो. फरक कळतो का?

संपादक मंडळ
पासपोर्टवर वेगळा धागा काढा. इथले पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत.

डोंगरपायथा
ठीक. एकट्याच्या नावाने करतो. मित्र समजूतदार आहे. पण मधल्या काळात जुन्या वायरवर थोडी घरे चालू केली तर? लोकांकडून अनामतही घेऊन ठेवली आहे. आमच्या वाड्यावर एमएसओचा एक बॉक्स आणून टेस्ट केला, चित्र एकदम स्वच्छ.

कायदेकानू
अजिबात नको. कलम ३ म्हणते, नोंदणीशिवाय केबल चालवता येत नाही. अधिकृत अधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. त्यांना सामान जप्त करता येते. २०२३ पासून या कायद्यातली तुरुंगाची शिक्षा गेली आणि त्या जागी दंड वगैरे आले, हे खरे. पण सामानच जप्त झाले तर चवथीला टीव्ही कशावर दाखवणार?
अनामत घेतली आहे तर प्रत्येकाला पावती द्या. किती परत मिळणार, बॉक्स कोणाच्या मालकीचा, हे त्यावर लिहा.

जुना केबलवाला
आणि ती "जुनी वायर" कशावर टांगली आहे? वीज खात्याच्या खांबांवरच ना? त्याची परवानगी जुन्याच्या नावाने होती की नव्हतीच, ते बघ. तुझ्या नावाने नवी लागेल, खांबामागे भाडे भरावे लागेल. आपल्याकडे केबलवाल्याचे खरे लायसन तेच, बाकी सगळे कागद. विनापरवाना वायर दिसली की कापून खाली टाकतात आणि मग शेजारीच विचारतात, काय रे, कधी येणार टीव्ही?

नेटवाला
म्हणून म्हणत होतो, फायबर. २०२३ च्या दुरुस्तीपासून केबल आणि ब्रॉडबँडवाल्यांना घरापर्यंतची शेवटची वायर वाटून वापरायला मुभा आहे. एका खांबाच्या भाड्यात दोन धंदे.

जुना केबलवाला
हे मात्र पटले. पहिल्या दिवसापासून म्हणतोयस ते आत्ता जरा उपयोगाचे झाले.

साटेरीचा भजनी
धागा वाचतोय. आमच्या देवळात चवथीनंतर सप्ताह असतो, घुमट आरती, दोन रात्री नाटक. डोंगरपायथा यांनी केबल सुरू केली की त्यांच्या चॅनेलवर लाइव्ह दाखवता येईल का? कॅमेरा आमचा. पैसे नकोत, फक्त वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना घरी बसून दिसावे.

कायदेकानू
ऑपरेटरकडे स्वतःचा चॅनेल नसतो. सिग्नल एमएसओकडून एन्क्रिप्ट होऊन येतो, मध्ये काही घुसवता येत नाही. स्थानिक चॅनेल काढता येतो तो एमएसओला. ३० नोव्हेंबर २०२२ ला प्लॅटफॉर्म सेवांची, म्हणजे एमएसओच्या अशा स्वतःच्या चॅनेलची मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यानुसार दर चॅनेलमागे १,००० रुपये एकदाच भरून ऑनलाईन नोंदणी करायची. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला हवा. तुमच्या सप्ताहासाठी त्या एमएसओलाच पत्र लिहा. त्याचा तसा चॅनेल आधीच चालू असेल तर दोन तासांची वेळ मागणे सोपे.

डोंगरपायथा
अर्ज गेला! एकट्याच्या नावाने भरला, पैसे भरले, प्रमाणपत्र डाउनलोड झाले. त्या पार्टनरच्या पानावर उगाच डोके आपटत होतो.
आता दोन प्रश्न. एक, आमचा शेवटचा वाडा ओढ्यापलीकडे, म्हणजे दोडामार्गात, महाराष्ट्रात. तिथे वेगळी नोंदणी लागेल का? दोन, एमएसओचा माणूस म्हणतो, आधी वायर ओढ, करार नंतर बघू.

कायदेकानू
अभिनंदन. नवी नोंदणी देशभर चालते, दोडामार्गासाठी वेगळी नको. पूर्वी पोस्टाच्या हद्दीची भानगड असायची, ती गेली. पण पलीकडचे खांब महावितरणचे, गोव्याच्या वीज खात्याची परवानगी तिथे चालणार नाही.
करार नंतर नाही, आधी. लेखी करार नसताना एमएसओने सिग्नल द्यायचाच नसतो, तसे ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे २०१७ चे नियम आहेत. ट्रायने नमुना करारही तयार ठेवला आहे. वाटणी दोघांनी बोलून ठरवायची. नाहीच जुळले तर प्रमाणित करार आहे, त्यात नेटवर्क कपॅसिटी फीचे, म्हणजे ग्राहकाच्या दरमहाच्या मूळ भाड्याचे ५५ टक्के एमएसओला आणि ४५ टक्के तुम्हाला. बिल कोण देणार, तक्रार कोण घेणार, बॉक्स बिघडला तर कोण बदलणार, ही कामे कोणाकडे ते करारातच लिहून घ्या. आणि सहीची प्रत स्वतःकडे ठेवा. वाद झाला तर त्याचे न्यायाधिकरण, टीडीसॅट, दिल्लीला आहे. तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून हे सांगतोय.

जुना केबलवाला
४५ च्या खाली सही करू नकोस. "नवीन आहेस, आधी ३० घे, पुढे वाढवू" असे म्हणतील. पुढे कोणी वाढवत नाही.
आणि बॉक्स किती मागवणार आहेस? अनामत दिलेल्यांपैकी निम्मे तरी ऐनवेळी "चवथ झाल्यावर बघू" म्हणतील. सगळ्यांचे एकदम उचलू नकोस.

डोंगरपायथा
बॉक्सचे पैसे एमएसओ आगाऊ मागतोय. थोडे थोडे घेतले तर चालेल का विचारतो. उद्या सकाळी वीज खात्यात खांबांचा अर्ज, दुपारी साखळीला. कोणाकडे खांबांच्या अर्जाचा नमुना असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

जुना केबलवाला
व्यनि केला. सोबत खांबांची यादी आणि हाताने काढलेला नकाशा लावावा लागतो. नकाशावर ओढ्याच्या अलीकडचे खांब तेवढेच दाखव, पलीकडचा एकही नको, नाहीतर अर्ज परत येईल.