चवथीपर्यंत गाडी अशीच लाल राहणार का?

साखळीची टीचर

नमस्कार. विषय क्षुल्लक वाटेल, पण पाऊस सुरू झाल्यापासून डोक्यात तोच आहे, म्हणून लिहिते.

माझ्याकडे पांढरी वॅगनार आहे. सेकंडहँड, आठ वर्षांची. पांढरी घेऊ नको असं सासूबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा मी हसले होते. राहते गोव्यात साखळीला, शाळा वाळपईच्या पुढे. मुख्य रस्ता सोडला की शेवटचा दीड किलोमीटर पाण्याच्या पाइपासाठी खणला होता. मिरगाच्या आत बुजवतो म्हणाले आणि बुजवलाही, पण मातीनेच. आता तिथे रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते फक्त बगळ्यांना ठाऊक. त्यात समोरून बालरथ, म्हणजे शाळेची बस, आली की काचेवर बादलीभर लाल पाणी. वायपर दोन वेळा फिरेपर्यंत मी देवाच्या भरवशावर.

सुरुवातीला रोज संध्याकाळी गाडी धुवायचे. भर पावसात छत्री धरून गाडी धुणारी बाई म्हणून वाड्यावर नाव झालं. शेजारचे काका एक दिवस बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून म्हणाले, "टीचर, देव वरून धुतो ते पुरत नाही?" तेव्हापासून रविवारीच धुते.

पण दारांच्या खालच्या बाजूला लालसर झाक राहिलीय ती जात नाही. कपड्यांची पावडर घातली, भांडी घासायच्या काथ्याने घासलं. (माहीत आहे, माहीत आहे.) मागल्या आठवड्यात तासभर ऊन पडलं तेव्हा दिसलं, दारावर गोल गोल बारीक रेघा, जुन्या कॅसेटच्या डबीवर असायच्या तशा.

दुसरं म्हणजे वास. सोमवारी दार उघडलं की आजीची पेटी उघडल्यासारखं वाटतं. एकादशीला जोडून चार दिवस गाडी काढली नाही, तर स्टिअरिंगवर पांढरट-हिरवी बुरशी! रुमालाने पुसली आणि तोच रुमाल चुकून दिवसभर वापरला.

तिसरं, एका सर्व्हिस स्टेशनवर ३०० रुपये देऊन खालून डिझेल मारून घेतलं. "गंज येणार नाही मॅडम." दोन दिवस गाडीला कदंबाच्या बसडेपोसारखा वास आणि खाली आधीपेक्षा जास्त माती चिकटलेली.

चवथीला पेडण्याला मूळ घरी जायचंय. सहा माणसं, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, निवऱ्यांचे (करंज्यांचे) डबे. त्याच्या आत गाडी माणसांत आणायचीय. काय करू?

माशेलचा भाचा

टीचर, तुम्हाला एकाच रस्त्याचा चिखल लागला. आमच्याकडे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकालो असतो, तिथे माणसंच चिखलात लोळतात आणि मग मामाच्या गाडीत बसतात. यंदा मामा मी होतो.

सीटवर ताडपत्री घातली होती, त्यामुळे सीट वाचल्या. सीटबेल्टचे पट्टे विसरलो. पोरांनी शहाण्यासारखे पट्टे लावले आणि ओल्या मातीसकट ते आत गुंडाळले गेले. आता पट्टा ओढला की करकरतो आणि परत जायला कुरकुरतो. शेवटी पट्टा पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावला, साध्या साबणाच्या पाण्याने पुसला, पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच सोडला. शाळेची पोरं बसवत असाल तर हे आधीच करा.

बाकी प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस येईलच.

गॅरेजवाला, डिचोली

बाय, वरच्या लाल रंगाचं टेन्शन घेऊ नका. तो दिसतो म्हणून डोळ्यांत खुपतो, पण गाडी खातो तो तुम्हाला न दिसणारा चिखल.

मी टिप्परांची कामं खूप केलीत. २०१२ साली खाणी बंद पडल्या त्याच्या आधी आमच्याकडे पावसाच्या तोंडावर रांग लागायची. एका मडगार्डातून घमेलंभर माल निघायचा. ट्रकाचा पत्रा मधोमध सडलेला मी क्वचित पाहिला. माती बसून राहते त्या कोपऱ्यातच सडतो. मातीचा लगदा म्हणजे ओला स्पंज. पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी आतून पत्रा ओलाच. इथे वर्षाला शंभर इंचांवर पाऊस पडतो, म्हणजे तो स्पंज पुन्हा पुन्हा भिजत राहणार.

तर चाकाच्या वरच्या कमानीत हात घाला. पत्रा आतल्या बाजूला दुमडलेला असतो, त्या कडेवरून बोट फिरवा. माझी पैज, बोटाला चिकणमातीची वळी येईल. पाइप लावून तिथलं आधी काढा. चारही चाकं, खालचा भाग, मग बॉडी. उलट केलंत तर धुतलेल्या दारावर परत तेच उडतं.

मग दारं. दाराच्या अगदी खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेवरून ओघळून दाराच्या पोटात गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. माती बसली की बंद. झाडूचा एक हीर मोडून घ्या आणि प्रत्येक भोकात फिरवा. तार नको, रंग खरवडला जाईल. गेल्या पावसात एक गिऱ्हाईक आलं होतं, दार हलवलं की आत शहाळ्यासारखं पाणी वाजत होतं. हीर घातला आणि तांब्याभर लाल पाणी माझ्या पायांवर.

डिझेलचं म्हणाल तर ती जुनी खोड आहे, अजून काही जण मारतात. त्याने रबराचे बुश फुगतात आणि धूळ चिकटते. खालचं कोटिंग करायचं तर एप्रिल-मेमध्ये, गाडी धुऊन खडखडीत वाळवून. आता ओल्या मातीवर कोटिंग मारणं म्हणजे ओल आत कोंडणं.

आता धुण्याचं. काथ्या आणि पावडर दोन्ही आजपासून स्वयंपाकघरात परत. पावडर वॅक्स खरवडून नेते, आणि काथ्याने तुम्ही घासत होतात ती मातीतली रेती, तीच रेघा पाडते. आधी नुसतं पाणी मारा आणि पाच मिनिटं भिजू द्या. मग गाडीचाच शॅम्पू, मऊ कापड, वरून खाली, गोल नाही. दोन बादल्या ठेवा, एकीत शॅम्पू, दुसरीत कापड खळबळायला. चाकांचं कापड वेगळं, ते चुकूनही दाराला लावू नका.

लाल झाक म्हणजे काय, आपल्या मातीतलं लोहच. चिऱ्याला लाल करतं तेच. बारीक कण रंगाच्या वरच्या थराला धरून बसतात. क्ले बार म्हणून चिकणमातीसारखी मऊ वडी मिळते, साबणाचं पाणी मारत हलक्या हाताने फिरवा, निघेल बरीच. त्यावर वॅक्स. पण वॅक्सला कोरडी गाडी लागते, तेव्हा श्रावणात उघडीप मिळेल तो दिवस धरा. रेघा दिवाळीनंतर पॉलिश करून बघू.

वासाचं म्हणाल तर आधी एक सांगा. गाडी कुठल्या झाडाखाली लावता?

साखळीची टीचर

फणसाखाली. दुसरी सावलीच नाही. जूनमध्ये एक फणस बॉनेटवर पडला होता, तो चरा वेगळाच. आणि सासूबाईंनी चिंचेच्या कोळाने झाक काढायचं सुचवलंय. तांब्याचा घडा उजळतो तर गाडी का नाही, असा त्यांचा मुद्दा आहे.

गॅरेजवाला, डिचोली

चिंच कढीत घाला.

फणसाखाली म्हटल्यावर कळलं. पुढच्या काचेच्या खाली, वायपर असतात तिथे काळी जाळी आहे ना, तिच्या खाली पाणी वाहून जायची वाट असते. पानं आणि देठ तिथे कुजतात, वाट तुंबते आणि पाणी गाडीच्या आत उतरतं. डाव्या सीटच्या पायाशी मॅट काढून खालचा गालिचा दाबून बघा. पच् आवाज आला तर घरचा अत्तराचा फाया काही कामाचा नाही. गालिच्याखाली जाड नमदा असतो, तो ओला आहे तोवर वास जाणार नाही.

पाणी नितळ असेल तर एसीची नळीही बघा. एसी चालू असताना गाडीच्या खाली पाणी ठिबकलं पाहिजे. ठिबकत नसेल तर तेही आतच येतंय.

चोडणचा

डिचोलीबाब बरोबर सांगतात, पण एका बाबतीत मी असहमत. आठवड्यातून एकदा हे साखळीला ठीक आहे. मी चोडणहून रायबंदरला रोज फेरीबोटीने जातो. भरतीच्या वेळी रॅम्पवर चाकं पाण्यात बुडतात आणि ते पाणी खारं. मांडवीला समुद्राची भरती किती आतपर्यंत येते ते आमच्या खाजनांना, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांना, विचारा. घरी आल्यावर दोन मिनिटं का होईना, खाली गोडं पाणी मारतोच. बॉडी महिनाभर धुतली नाही तरी चालते, पाऊस धुतो. पाऊस खाली पोचत नाही एवढंच.

पहिल्या गाडीला हे केलं नव्हतं. सहाव्या वर्षी सायलेन्सर शेवटच्या फेरीवर सोडून आलो.

म्हापशाहून स्विंडन

हे वाचून हसले आणि थोडी घाबरलेही. आम्ही २०१६ पासून स्विंडनला. इथला पाऊस तुमच्यासारखा कोसळत नाही, नुसता चिंब ठेवतो. नोव्हेंबर ते मार्च गाडी करड्या चिखलाने माखलेली, ऐन थंडीत चार-साडेचारला अंधार, धुवायची कुणाला हौस. दव गोठून रस्ता घसरडा होऊ नये म्हणून रात्री रस्त्यावर खडे मीठ पसरतात, कारण मिठाचं पाणी शून्यावर गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. ते खारं पाणी चाकांनी उडून सगळं गाडीच्या पोटाला. चोडणच्या दादांकडे मीठ भरती आणते, इथे मीठ ट्रकाने टाकतात, एवढाच फरक.

पहिल्या हिवाळ्यात मी गोव्याच्या डिसेंबरसारखी वागले, म्हणजे मन झालं तर धुतली. इथे तीन वर्षांच्या पुढच्या गाडीची दर वर्षी तपासणी होते, तिथल्या माणसाने खालच्या गंजाबद्दल ताकीद लिहून दिली. तेव्हापासून थंडीत पाइप खालीच जास्त मारते. एकदा शून्याखाली असताना धुतली आणि दारांचे रबर पुसायचे राहिले. सकाळी चारही दारं गोठून बंद, मी ऑफिसला बसने. निदान तुमचं दार उघडतं तरी, टीचर!

बुरशीसाठी मी इथे एक करते. उतरायच्या आधी दोन मिनिटं एसी बंद आणि पंखा चालू, म्हणजे आतला ओलावा उडतो. काचा धुरकटल्या की एसी चालू ठेवून हवा बाहेरून घ्यायची, आतल्या आत फिरवायची नाही.

माशेलचा भाचा

आणि प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. काकांनी घातलं होतं. वाऱ्याने फडफडून खालच्या रेतीने छप्पर पॉलिशपेपर मारल्यासारखं झालं, आणि आत घाम धरला तो वेगळाच.

साखळीची टीचर

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. चाचणी परीक्षा होत्या.

चाकाच्या कमानीत बोट घातलं. वळी नाही हो, चौथ्या चाकातून अख्खी वीट निघाली. तिचा आकारही पत्र्याच्या घडीसारखाच, साच्यातून काढल्यासारखी. यांनी ती चिऱ्याच्या गडग्यावर ठेवलीय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. पाणी पागोळीचंच वापरलं. छपराच्या नळ्यांवरून येणारं पाणी दोन पिंपांत धरलं, आणि गाडी वाळल्यावर नळाच्या पाण्याचे पांढरे ठिपके पडायचे तेही पडले नाहीत.

काळी जाळी उघडली. फणसाची देठं, कुजकी पानं, एक बेडूक (जिवंत, रागावलेला). ओंजळभर काळा चिखल काढल्यावर मग आत पाण्याचा तांब्या ओतला तर पाणी सरळ खाली रस्त्यावर.

मग डाव्या बाजूचा गालिचा उचलला. पच्. अगदी पच्. नमदा पिळला तर बादलीचा तळ झाकेल एवढं पाणी. चुलीच्या वर माळ्यावर चार दिवस वाळत ठेवला, सासूबाईंचे सुके बांगडे शेजारी, आता गाडीला वेगळाच वास येणार या भीतीने मी झोपले नाही. पण नाही आला. मॅटखाली जुने वर्तमानपत्र घालते आणि रोज बदलते.

सगळ्यात खाली, सीटच्या पट्टीला टेकून, सात आळसांदे (चवळीचे दाणे) होते. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली तेव्हा पिशवी फाटली होती, ते. दोन रुजलेले. बोटभर पांढरी मान, त्यावर दोन फिकट पानं, उजेडाकडे म्हणजे हँडब्रेकच्या दिशेने वाकलेली. चौथीच्या वर्गाला बियांचा पाठ चालूच होता, वर्गात नेले. खिडकीशी डब्यात लावलेत. वेल गजावर चढलाय आणि पोरं विचारतात, टीचर, गाडीत आणखी काय पेरलंय?

लाल झाक क्ले बारने बरीच गेली. मागच्या दोन दारांवर अजून थोडी आहे. वॅक्स राहिलंय, उघडीप मिळेना.

गॅरेजवाला, डिचोली

आळसांदे ठीक. चारही दारांत हीर फिरवला का?

साखळीची टीचर

तीन दारांत. मागचं उजवं राहिलं. आत्ताच हलवून बघितलं, वाजतंय.