आराखड्यात पुन्हा ‘संगणक ५ नग’: गावाला केंद्र हवं की नुसतं वायफाय?
(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोरडवाहू
ग्रामपंचायत विकास आराखडा लिहायला बसलं की एक ओळ हमखास येते: ‘डिजिटल केंद्र, संगणक ५ नग, टेबल-खुर्च्या’. माझा याला स्पष्ट विरोध आहे.

वारणेचा अनुभव आपल्यासमोर आहे. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या साखर कारखाना परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक बसवले. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण असं बरंच काही ठरलं होतं. प्रत्यक्षात वापर झाला तो मुख्यतः उसाच्या नोंदी, तोडणीची चिठ्ठी आणि खताच्या हिशोबापुरता. पुढे काही गावांत संशोधकांनी संगणक काढून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. काम झालं, खर्चही कमी आला. तेही साध्या बटणांच्या फोनवर!

आज बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन असतो. पंचायतीत, शाळेजवळ आणि एसटी थांब्यावर वायफाय लावा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेत वायफाय देणाऱ्या दुकानदाराला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्कही नाही. धूळ खाणाऱ्या यंत्रांवर पैसा कशाला?

स्प्लायसर
वायफायचा डबा खांबावर टांगला म्हणजे नेट आलं असं नाही. मागून फायबर जिवंत हवी. पंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेची रचना पाहा: तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी (प्रकाश पाठवणारं यंत्र), वाटेत स्प्लिटर (एक फायबर अनेकांत वाटणारा), पंचायतीत ओएनटी (प्रकाशाचं नेट करणारा डबा). ओएनटीवर ‘लॉस’चा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागला की सगळे म्हणतात ‘केबल तुटली’. जेसीबीने तुटते हे खरंच, पण तक्रार करण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, शेजारच्या गावांतही लाल दिवा आहे का? असेल तर बहुतेक एक्स्चेंजची वीज गेली आहे आणि तिथल्या बॅटऱ्या मेल्या आहेत. तुमच्या गावात खड्डे खणून काही मिळणार नाही. दुसरी, ओएनटीला जोडलेली पिवळी पॅचकॉर्ड (फायबरची छोटी वायर) कपाटामागे चेंगरली आहे का? तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण पडलं की प्रकाश गळतो. तिसरी, तिच्या हिरव्या कनेक्टरचं टोक मळलं आहे का? ते बोटाने पुसू नका, शर्टाने तर मुळीच नाही.

दिवा हिरवा असूनही नेट ये-जा करत असेल तर लाइनमनला मीटर लावून प्रकाशाची पॉवर मोजायला सांगा. ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (पॉवरचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद) दरम्यान प्रकाश लागतो. उन्हाळ्यात उणे २५ असेल तर पावसाळ्यात जॉइंटच्या डब्यात पाणी शिरलं की संपलं. उणे २०-२२ वर आणून घ्या आणि मगच काम झाल्याची सही करा.

वायफायबद्दलही एक गैरसमज आहे. डब्याची पॉवर वाढवली की अख्खं गाव कव्हर होत नाही. डब्याचा आवाज, म्हणजे सिग्नल, फोनपर्यंत पोचतो, फोनचा बारीक आवाज डब्यापर्यंत परत येत नाही. म्हणून पट्ट्या दिसतात, पान मात्र उघडत नाही. दगडी भिंती असतील तर बघायलाच नको.

ग्रामसंघाची सखी
‘घरात एक फोन’ म्हणता, पण तो असतो कुणाच्या खिशात? बाईच्या आधारला मुलाचा नंबर, मुलगा पुण्यात, ओटीपी तिकडे. ई-केवायसीची मुदत आली की हीच अडचण शंभर घरांत. तुमच्या वायफायने ती कशी सुटणार? त्यासाठी आधारला जोडलेला नंबर बदलावा लागतो. तो बदलायचा आहे हे सांगणारं माणूस गावात लागतं.

दुसरं, ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला फोनवरून भरून बघा. फोटो १६० पिक्सेल रुंद, ५ ते २० केबीत हवा. कागदपत्रं ७५ ते ५०० केबी. फोनचा कॅमेरा तीन-चार एमबीचा फोटो काढतो. लहान केला तर तो इतका पुसट होतो की अर्ज त्रुटीत परत येतो. सपाट स्कॅनरवर १५० डीपीआय इतक्या बारकाईने, काळ्या-करड्या रंगात एक पान घेतलं की साधारण बसतं. हे पाच मिनिटांचं काम फोनवर दुपार खातं.

कोरडवाहू
ताई, तुम्ही सांगताय ते सेतूवाल्याचं दुकान झालं. ते आहेच की! त्याच्याकडे स्कॅनर आहे, प्रिंटर आहे, वीज बिलही तोच भरतो. पंचायतीने त्याच्याशी स्पर्धा का करायची?

ग्रामसंघाची सखी
दुकानात काम करून मिळतं, शिकून मिळत नाही. शिकवलं तर त्याचं गिऱ्हाईक जातं, त्यात त्याचा दोष नाही. केरळच्या अक्षय प्रकल्पाने २००२ मध्ये मलप्पुरममध्ये सुरुवातच शिकवण्यापासून केली: प्रत्येक कुटुंबातल्या एकाला संगणक हाताळता यावा. अर्ज-दाखल्यांची कामं नंतर वाढली. आपण उलटं करतो, दाखल्यांची खिडकी उघडतो आणि तिला साक्षरता म्हणतो.

वायरमन
वाद चालू द्या, पण त्या ‘५ नग’मध्ये डेस्कटॉप लिहू नका. हिशोब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. ती ६० टक्क्यांच्या पुढे रिकामी करायची नाही, इन्व्हर्टर आणखी १५ टक्के खातो. हाती उरतात जेमतेम ९२०.

पाच डेस्कटॉप ५०० वॉट, पंखा-दिवे-राउटर १०५. दीड तासात अंधार. तीन लॅपटॉप १३५ वॉट धरा, बाकी तेच, तर पावणेचार तास, आणि लॅपटॉपची स्वतःची बॅटरी वेगळी. ओएनटी आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस स्वतंत्र द्या, म्हणजे इन्व्हर्टर बसला तरी नेट राहतं.

लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका. रोलर तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो. शाईच्या टाकीवाला घ्या, फक्त आठवड्याला एक रंगीत पान काढा. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीनंतर नोझल वाळलेलं सापडतं. आणि अर्थिंग! न्यूट्रल आणि अर्थच्या तारांमध्ये तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करा. जूनमधल्या पहिल्या विजांत अडॅप्टर आणि लॅन पोर्ट सगळ्यात आधी जातात.

कोरडवाहू
बरं, तीन लॅपटॉप. पण चालवणार कोण? खरा खर्च माणसाचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बंधित, ४० टक्के अबंधित होता. त्या अबंधितातूनही पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नव्हता. म्हणून यंत्रं येतात आणि खोलीला कुलूप लागतं. माझा विरोध संगणकाला नाही, या कुलपाला आहे.

ग्रामसंघाची सखी
तर मग मानधन स्वनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या वसुलीतून द्या आणि केंद्र चालवायला बचत गटांच्या ग्रामसंघाला द्या. सकाळी तीन तास शुल्काची कामं, दरफलक बाहेर लावून. संध्याकाळी दोन तास फुकट शिकवणी, त्यात बायकांचे वार ठरलेले. मानधनाचा ठराव ग्रामसभेत आधी घ्या, खरेदीचा नंतर. वसुली कमी असलेल्या पंचायतीला हे जड जाईल, ते मान्य. तिथे दोन-तीन लहान गावांनी मिळून एक केंद्र करावं.

कोरडवाहू
तीन गावांत एक म्हटलं की ते सरपंचाच्या गावात जाणार, आणि उरलेल्या दोन गावांतल्या बायका पाच किलोमीटर चालत येणार नाहीत. तिथे माझं वायफायच बरं.

स्प्लायसर
दोन्ही करा, फायबर एकच आहे. फक्त पंचायतीच्या कुलूपबंद खोलीत ओएनटी ठेवू नका. संध्याकाळी ग्रामसेवक मेन स्विच बंद करून जातात आणि रात्रभर सगळ्या गावाचं वायफाय बंद. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या व्हरांड्यात जाळीची पेटी करा, दोन चाव्या दोन घरांत.