मदत हवी आहे: सायप्रसमधील मिश्र गावांविषयी वाचन
सायप्रसमधील ग्रीक व तुर्की भाषक समाजांच्या सामाईक ओळखीवर मी टिपण लिहीत आहे. १९७४ चा लष्करी उठाव, तुर्कस्तानचे आक्रमण व त्यातून झालेली बेटाची फाळणी, तसेच २००४ च्या सार्वमतात तुर्की सायप्रियटांनी स्वीकारलेला आणि ग्रीक सायप्रियटांनी नाकारलेला एकीकरणाचा आराखडा, हा राजकीय भाग वाचून झाला आहे; हलूमी चीज दोघांचेही, हे तर प्रत्येक प्रवासलेखात येतेच. मात्र फाळणीपूर्वीच्या मिश्र गावांतील शेती, सण, लग्नकार्ये यांविषयी हाती आलेले लेखन एक तर गहिवरलेले आहे किंवा एकाच बाजूचे. ग्रीक वा तुर्की मला वाचता येत नाही, त्यामुळे इंग्रजी किंवा मराठी साधनेच चालतील. दोन्ही भागांच्या मध्ये असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बफर झोनमधील, आजही मिश्र असलेल्या पिला गावासारख्या ठिकाणी दोन्ही समाजांच्या मुलाखती घेऊन केलेला एखादा अभ्यास कोणी सुचवू शकेल का?