एच-१बी : लाख डॉलरचे शुल्क आणि वेतनानुसार सोडत एकमेकांना छेद देतात

नदीकाठ (मूळ लेखन)

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या घोषणेनुसार, देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी एच-१बीचा, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्याला अमेरिकेत नोकरीवर ठेवण्याच्या व्हिसाचा, नवा अर्ज करणाऱ्या मालकाला एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरावे लागतात. त्याआधी सरकारी शुल्क काही हजार डॉलरांत भागत असे. डिसेंबरमध्ये दुसरा नियम आला. २०२७ या आर्थिक वर्षापासून ८५,००० जागांच्या सोडतीत चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या, वेतनस्तरावरील उमेदवाराचे नाव चार वेळा, तिसऱ्यावरील तीन वेळा, दुसऱ्यावरील दोनदा आणि पहिल्यावरील एकदाच धरले जाईल.

यांतील दुसरा नियम मला योग्य वाटतो आणि पहिला रद्द व्हावा असे वाटते, कारण दोन्ही एकत्र लावले की ते एकमेकांच्या हेतूवर पाणी फिरवतात. पुण्यात बारा वर्षे चिप डिझाइन केलेल्या अभियंत्याला वरच्या स्तरामुळे सोडतीत चौपट संधी मिळते, परंतु तो पुण्यात असल्यामुळे त्याच्या मालकाला लाख डॉलर मोजावे लागतात. उलट शिकागोत नुकतेच एम.एस. केलेल्या विद्यार्थ्याला देशात राहूनच एच-१बीवर जाता येते आणि २० ऑक्टोबरच्या सरकारी स्पष्टीकरणाने असे दर्जाबदलाचे अर्ज शुल्कातून वगळले आहेत. अमेरिकेच्या नवपदवीधराशी थेट स्पर्धा करणारा उमेदवार त्यामुळे मोकळा राहतो, आणि ज्याला उच्च कुशल म्हणून बोलवायचे त्याच्याच वाटेत भिंत उभी राहते.

विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न रुग्णालये तर या सोडतीत कधी नव्हतीच. सोडतीतील कथित गैरप्रकारांशी त्यांचा संबंध नसताना त्यांनाही हे शुल्क लागू आहे. राष्ट्रहिताच्या कारणाने सूट मागता येते, पण ती अत्यंत विरळ राहील असे सरकारने आधीच सांगून ठेवले आहे.

सांगलीकर

आपला युक्तिवाद नीटनेटका आहे, पण आपण निवडलेला अभियंता अपवाद आहे. मी न्यू जर्सीत बरीच वर्षे कंत्राटी सॉफ्टवेअर कंपन्यांमार्फत काम केले. कामगार खात्याकडे वेतनाचा अर्ज करताना मालकाला कामाच्या जागी दोन ठिकाणी दहा दिवस सूचना लावावी लागते. आमच्या क्लायंटच्या पँट्रीत, कॉफीयंत्राच्या शेजारच्या फलकावर तो कागद लागे आणि त्यावर पद, पगार आणि मुदत सरळ छापलेली असे. शेजारी बसून तेच काम करणारे अमेरिकी सहकारी तो आकडा वाचत आणि काही बोलत नसत. मला त्या शांततेचा आजही त्रास होतो.

पहिल्या वेतनस्तराचा आकडा त्या भागातील त्या व्यवसायाच्या वेतनश्रेणीत १७व्या शतमकावर (म्हणजे जिथे साधारण १७ टक्के लोकांचाच पगार त्याहून कमी असतो) आणि दुसऱ्याचा ३४व्या शतमकावर धरला जातो. निम्म्याहून अधिक लोकांपेक्षा कमी पगार देण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. २०१५ मध्ये फ्लोरिडात डिस्नीच्या संगणक विभागातील कर्मचाऱ्यांना, आपली जागा घेणाऱ्यांना शिकवून मगच बाहेर पडावे लागले, हे प्रकरण तिथे कोणी विसरलेले नाही. भारतातून थेट माणसे आणणे हाच या कंत्राटी कंपन्यांचा मार्ग होता आणि शुल्काने नेमका तोच बंद केला. पाहुण्यांच्या सोयीसाठी यजमानाने आपल्या मुलांकडे पाहू नये, अशी अपेक्षा आपण कशी करू शकतो?

नदीकाठ

सांगलीकर, त्या कागदाबद्दलची आपली अस्वस्थता मला पूर्ण मान्य आहे, परंतु त्यावरचा उपाय त्या कागदावरच्या आकड्यात आहे. किमान वेतन मध्यकाच्या, म्हणजे त्या व्यवसायातल्या बरोबर मधल्या पगाराच्या, वर नेले तर स्वस्त मजुरीचा धंदा आपोआप बसेल आणि चांगला पगार देणाऱ्या मालकाला झळही लागणार नाही.

शिवाय ज्या मोठ्या कंपन्यांची कार्यालये हिंजवडीत किंवा खराडीत आहेत, त्यांना एल-१ व्हिसाचा दरवाजा उघडाच आहे. मागील तीन वर्षांत एक वर्ष परदेशी शाखेत काम केलेल्या व्यवस्थापकाला किंवा विशेष जाणकाराला त्यावर नेता येते. त्याला वार्षिक मर्यादा नाही आणि प्रचलित वेतनाची, म्हणजे वर आलेल्या वेतनस्तरांची, अटही नाही. परदेशात शाखा नसलेली छोटी कंपनी आणि खेड्यातले रुग्णालय यांना हा मार्गच नाही. मग शुल्काचा भार कोणावर पडला?

दूरगावची

मी मिडवेस्टमधल्या एका लहान गावी रुग्णालयात काम करते. आमच्याकडे अमेरिकी डॉक्टर अर्ज करत नाहीत असे नाही, पण फार थोडे करतात, आणि आलेले बरेचदा दोन-तीन वर्षांत शहराकडे जातात. इथल्या प्रशासनाने एका मूत्रपिंडतज्ज्ञाची निवड केली होती. तो भारतात होता. शुल्काचा आकडा कळल्यावर ती फाइल मिटली. आता डायलिसिसच्या रुग्णांना तज्ज्ञाला भेटायला दोन तास गाडीने जावे लागते. सांगलीकरांनी वर्णन केलेल्या कंत्राटी कंपन्यांची शिक्षा या रुग्णांनी का भोगावी, हे मला कोणी समजावून सांगावे.

सांगलीकर

डॉक्टरांना सरसकट सूट द्यावी, हे मला मान्य आहे आणि ती आधीच द्यायला हवी होती. अभियंत्यांच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. किमान वेतनाचे स्तर वर नेण्याचा प्रयत्न २०२० मध्ये झाला होता आणि तो न्यायालयात अडकला. शुल्काच्या बाबतीत डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांचा अधिकार मान्य केला. जो उपाय उभा राहतो तो वापरावा, असे सरकारला वाटले तर नवल नाही.

नदीकाठ

अधिकार असणे आणि धोरण शहाणपणाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२०चा नियम बाद झाला तो मुख्यतः हरकती न मागवता घाईने आणल्यामुळे. रीतसर मार्गाने तो पुन्हा आणता येतो. शुल्काचेही तसेच घाईत झाले. घोषणेनंतरच्या त्या शनिवार-रविवारी रक्कम दरवर्षी भरायची की एकदाच, हे मंत्र्यांच्या आणि प्रवक्त्यांच्या विधानांतून जुळेना, आणि मायक्रोसॉफ्ट व अमेझॉनसारख्या कंपन्यांनी परदेशात असलेल्या कर्मचाऱ्यांना मुदतीआत परत यायला सांगितले. सुटीसाठी किंवा आईवडिलांना भेटायला आलेल्या अनेकांनी मिळेल त्या दराने तिकिटे काढली. जुन्या व्हिसाधारकांना शुल्क लागू नाही, हा खुलासा त्यानंतर आला.

सांगलीकर

त्या दोन दिवसांचा गोंधळ अक्षम्य होता, यावर वाद नाही. पण वेतनस्तर रीतसर वर नेले जाईपर्यंत मधल्या काळात त्या पँट्रीतल्या फलकाचे काय करायचे, याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.