मदत हवी आहे : पाण्यातच फ्लोराईड आहे, मुलीला टूथपेस्ट कोणती द्यावी?

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात राहतो. बोरिंगचं पाणी तपासून घेतलं, लिटरला 2.8 मिलिग्रॅम फ्लोराईड निघालं. 1.5 च्या वर नको असतं. मोठ्या मुलाच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आलेत. फोटो काढताना तो ओठ मिटून घेतो, पाहवत नाही. धाकटी साडेचार वर्षांची, तिचे पक्के दात अजून यायचे आहेत.

मुलांची म्हणून आणलेल्या पेस्टमध्येही फ्लोराईडच! सासूबाई म्हणतात, आम्ही कडुनिंबाची काडी नाहीतर राखड वापरली, दात शाबूत आहेत. (तेव्हा पाणी विहिरीचं होतं, बोरिंग नंतर आलं.)

वाचायला बसले तर गोंधळ वाढला. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 1901 साली फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला असेच डागाळलेले दात दिसले. कारण पाण्यातलं फ्लोराईड, हे 1931 मध्ये कळलं. पण त्या दातांना कीड कमी लागते हेही लक्षात आलं होतं, आणि पुढे 1956 पर्यंत क्रेस्ट ही फ्लोराईडची पेस्ट तिथे देशभर विकायला आली. ज्यानं पोराचे दात बिघडवले तेच पोरीला देऊ का? आणि मुलाचे डाग कोळशाच्या पेस्टनं जातील का?

प्रतिसाद :
ताई, आधी हिशेब बघा. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराईड 1000 पीपीएमपर्यंतच चालतं, म्हणजे ग्रॅमला 1 मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम. लेकीनं सगळी गिळली तरी पोटात पाव मिलिग्रॅम जाईल. तुमचं एक लिटर पाणी प्यायली तर 2.8. खरा प्रश्न पाण्याचा आहे. उकळू नका, पाणी आटतं आणि फ्लोराईड मागे उरतं. आरओचं पाणी प्यायला आणि वरण-भाताला वापरा. जवळ उघडी विहीर असेल तर तिचाही नमुना तपासा, बोअरपेक्षा तिथे बहुधा कमी असतं.

ती नीट थुंकत नसेल तर पाणी बदलेपर्यंत विनाफ्लोराईड पेस्ट द्या, असं माझं मत. नळीवर घटक वाचूनच घ्या. मुलाचे डाग दात घडतानाच आत बसलेत, ते घासून निघत नाहीत. कोळसा आणि राखड उलट इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजवतात. दंतवैद्य वरचा थर हलका घासून डाग फिके करतात किंवा दातावर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचा लेप) बसवून झाकतात, ते विचारा.

धागाकर्ती :
थुंकते, पण गोड लागते म्हणून अर्धी खातेच. विहीर मामंजींच्या वावरात आहे, उद्या बाटली भरून तपासायला नेते.